काका बरा आहे

आमच्या गावात सदाकाकाला ‘तुमी’ म्हणणारं एकच माणूस होतं, माझी आई. बाकी सगळ्यांना तो सद्या होता. शेंबडी पोरंसुद्धा ‘ए सद्या, इकडं ये’ म्हणत आणि तो जाई. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याचे थोरले भाऊ. तेही त्याच्याशी बोलत ते मायेनं, पण उत्तराची वाट न बघता. आई मात्र दिराला बोलवावं तसं ‘भावजी’ म्हणायची. “भावजी, हात धुतलं का तुमी? बसा आता, भाकरी वाढते.” ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा चौदा वर्षांची होती आणि काका दहाचा. दोन वर्षांत माझी आजी गेली, आणि काकाला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याच्या सदऱ्याची बटणं लावण्यापर्यंत सगळं आईच्या अंगावर आलं. माझ्या आधी तिनं वाढवलेलं लेकरू म्हणजे काका. पण लेकरू म्हणून ती त्याला कधी हाक मारायची नाही. एकदा मी विचारलं, “त्यांला कळतंय का तू तुमी म्हनती ते?” तर म्हणाली, “त्यांला न्हाई कळलं तरी मला कळतंय ना.”

काकाला काय झालं होतं याला आमच्याकडे शब्द नव्हता. ‘डोक्यानं कमी’ म्हणायचे. आज त्याला डॉक्टरांची नावं आहेत, मी त्यावरची पुस्तकं वाचली आहेत, आणि वाचताना पानोपानी काका भेटतो. तो तीस वर्षांचा उंच, रुंद खांद्यांचा माणूस होता. डोळ्याला डोळा देत नसे. बोलायला त्याच्याकडे पाच-सहाच शब्द होते, आणि त्यातला खरा वापरातला एकच, ‘झालं’. काम संपलं की ‘झालं’, पोट भरलं की ‘झालं’, कुणी रागावलं आणि त्यानं थांबावं असं वाटलं की तेही ‘झालं’. त्याच्या ताटात भाकरी एका कडेला लागायची आणि कालवण वाटीत. कालवणाचा थेंब भाकरीला लागला की तो ताटावरून उठायचा. आई जात्यावर बसली की तो उंबऱ्यात बसून जात्याच्या घरघरीत आपलं हूं-हूं मिसळायचा. इतकं बेमालूम, की आई दळायची थांबली तरी घटकाभर जातं चालूच आहे असं वाटायचं. पहाटे त्या आवाजानं मला जाग यायची. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असं कुणी विचारलं, तर मी तोच सांगेन.

आणि बैल. माणक्या आणि तांबडा ही आमची जोडी काकाची होती असंच म्हणायला पाहिजे. सकाळी उठून तो गोठा लोटायचा, विहिरीवरून पाणी आणून दगडी डोणीत ओतायचा, आधी माणक्याला सोडायचा, मग तांबड्याला. उलटं कधी नाही. एकदा आप्पांनी घाईत तांबड्याला आधी सोडलं, तर काकानं त्याला परत बांधलं, माणक्याला पाणी पाजलं आणि मगच त्याला नेलं. आप्पा हसले. “घ्या, आमची शिस्त मोडली म्हनायची,” असं म्हणून तंबाखू मळत बाजूला झाले. काकाचा दिवस या दोन जनावरांना बांधलेला होता, आणि ती होती तोवर काकाचं काही अडत नव्हतं. गावात कुणाला तो वेडा वाटत असेल, आमच्या घरात तो एक कामाचा माणूस होता.

मग तो दुष्काळ आला. आमचं गाव मिरजगावच्या आत, कर्जत तालुक्याच्या कोरड्या भागातलं. पावसानं ओढ द्यायची सवय होती. पण त्या खेपेला विहिरीच्या तळाची कपारसुद्धा वाळली. टँकर यायला लागला. रेशनवर लाल मिलो आली. परदेशातली ज्वारी, असं लोक म्हणत. तिची भाकरी तांबूस व्हायची, थापताना तुटायची आणि घशाखाली उतरताना नको व्हायची. आम्ही ती खाल्ली. काकानं ताटाकडे एकदा बघितलं आणि उठला. दोन दिवस तो उपाशी राहिला. तिसऱ्या दिवशी आई चालत तिच्या माहेरी गेली आणि पदरात बांधून पायलीभर पांढरी ज्वारी घेऊन आली. त्यातली एक भाकरी सकाळी, एक संध्याकाळी, फक्त काकासाठी व्हायची. मी आणि माझा धाकटा भाऊ तिच्या वासाकडे तोंड करून मिलो चावायचो. मला त्या भाकरीचा राग यायचा, हे आज लिहून टाकते.

कडबा संपला तेव्हा आप्पांनी बैल घोडेगावच्या बाजारात नेऊन विकले. नेताना काकाला आईनं मागच्या रानात गवऱ्या वेचायला नेलं होतं. परत आल्यावर तो गोठ्यात गेला, मोकळी दावण बघितली, आणि रोजच्यासारखा पाणी आणायला निघाला. विहिरीत पाणी नव्हतं. घरात टँकरचं पाणी एका पिंपात होतं, आमच्या दोन दिवसांच्या पिण्याचं. त्यानं ते सगळं बादली बादली करून डोणीत ओतलं आणि ‘झालं’ म्हणाला. असं तीनदा झालं. पिंपावर दगड ठेवला, तर तो गोठ्याच्या मेढीवर कपाळ आपटू लागला. आई मध्ये हात घालायची. तिच्या हाताचं मनगट तेव्हा सुजलेलं असायचं, त्याच हातानं ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. आईआप्पा दोघंही कामावर असत, मी मिरजगावला शाळेत, भाऊ गावातल्या शाळेत, आणि काका घरी एकटा. एक दिवस तो मोठ्या रस्त्यानं नगरच्या दिशेला चालू लागला. बैल ज्या बाजूनं गेले ती बाजू त्याला कशी कळली, देव जाणे. एका ट्रकवाल्यानं रस्त्याच्या मधोमध चाललेल्या या माणसाला कसंबसं वाचवलं आणि मिरजगावच्या चौकात आणून सोडलं.

त्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम ठरल्या. नगरच्या मावशीनं निरोप पाठवला होता की शकीला अकरावीला माझ्याकडे ठेवा, तेवढंच घरातलं एक तोंड कमी आणि पोरगी मॅट्रिक तरी होईल. शकी म्हणजे मी, शकुंतला. तेव्हा मॅट्रिक अकरावीलाच होती. आणि शाळेच्या मास्तरांनी आप्पांना सांगितलं होतं की नगर शहराच्या कडेला अशा माणसांसाठी एक आश्रम आहे, एक ट्रस्ट चालवतो, मोठ्या माणसांनाही ठेवून घेतात. आप्पा आम्हा सगळ्यांसमोर बोलले.

“हे बघ, सदाची तिथं सोय लागली तर शकी शिकंल. न्हाई लागली तर शकीला शाळा सोडून घरी ऱ्हावं लागंल. कोनीतरी त्याच्यावर नजर ठिवायला पायजे का न्हाई?”

आई म्हणाली, “मी भावजींना माझ्यासंगं कामावर नेते.”

“मुकादम उभा करंल व्हय? तिथं सुरुंग लावत्यात, खडीचं ढीग. ह्यो चालत गेला म्हंजे?”

आईनं परात पुढे ओढली. मी चुलीजवळ बसले होते. मला तेव्हा आत आनंदाची एक लाट आली होती. काकाला कुठं नेणार, तिथं कोण असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच एस.टी.नं नगरला गेलो. माझी पत्र्याची पेटी आणि काकाचं गाठोडं. आईनं त्याला धुतलेलं धोतर नेसवलं होतं. त्याला खिडकीशी बसवलं, तो सगळा रस्ता हूं-हूं करत बाहेर बघत होता. आप्पांनी आश्रमाच्या कचेरीत अंगठ्याऐवजी सही केली, सहीपुरतं आणि कार्ड वाचण्यापुरतं ते शिकले होते. व्यवस्थापक मध्यम वयाचे, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “मारतो का? अंगावर येतो का?” आप्पा म्हणाले, “न्हाई जी. गरीब हाय.” त्यांनी विचारलेले प्रश्न तेवढेच. काका काय खातो, कशानं घाबरतो, त्याला काय करायला आवडतं, हे कुणी विचारलं नाही आणि आप्पांनाही सांगायचं सुचलं नाही. निघताना काका आमच्यामागे फाटकापर्यंत आला. एका माणसानं त्याचा दंड धरला. आप्पा मागे न बघता चालत राहिले, आणि मला त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवायला पळावं लागलं.

दर रविवारी भेटायची मुभा होती, आणि ते काम माझं. मावशीच्या घरून अर्ध्या तासाची चाल. भेटून आले की घरी कार्ड टाकायचं, ते आप्पा आईला वाचून दाखवणार, अशी व्यवस्था.

सुरुवातीचे महिने चांगले गेले, हे सांगितलंच पाहिजे. त्याचं कारण एक माणूस. भिकाजीमामा नावाचे एक वयस्क कामगार तिथं होते, पारनेरकडचे. त्यांनी चार-आठ दिवसांत काकाला ओळखून घेतलं होतं. दुसऱ्याच रविवारी मला म्हणाले, “पोरी, तुझा काका लाल भाकरीला शिवत न्हाई. म्या भात सांगितलाय त्याला. आन ते पातळ वेगळं पायजे, व्हय ना?” मी हो म्हटलं. “मग हे आधी सांगायचं न्हाई का? चार दिस उपाशी ऱ्हायला बिचारा.” त्यांनी काकाला पाण्याचं काम दिलं होतं. टाकीतून बादल्या भरून तीन खोल्यांमधले रांजण भरायचे, तेही एका ठरावीक क्रमानं. मामांनी एकदा क्रम चुकवला होता आणि काकानं त्यांना हाताला धरून पहिल्या रांजणाशी परत नेलं होतं. हे सांगताना ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी घरी लिहायची, ‘काका रोज तीन रांजण भरतो. काकानं मामांची चूक काढली. काकाच्या पायाला काटा लागला होता, तो मामांनी काढला आणि काका हललासुद्धा नाही.’ कार्डावर जागा उरायची नाही.

आज, म्हातारपणी, कधी कधी मला अशा संस्थांमध्ये बोलावतात. शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, थोडंफार लिहिते, म्हणून. स्वच्छ फरशी दाखवतात, भिंतीवरची चित्रं दाखवतात, कचेरीत चहा देतात. मी संधी साधून एखाद्या काम करणाऱ्या बाईला किंवा माणसाला बाजूला गाठते, आणि समोर बसलेल्या एकाकडे बोट दाखवून विचारते, “याला काय आवडत नाही?” उत्तर लगेच आलं तर मला बरं वाटतं. ‘सगळे सगळं खातात’ असं म्हणाले तर मग मला चहा जात नाही.

दिवाळीच्या सुमारास भिकाजीमामा काम सोडून गेले. त्यांच्या गावी बायको आजारी होती असं कुणी म्हणालं, माणसं कमी केली असंही कुणी म्हणालं. त्यानंतरच्या रविवारी मला काकाला भेटायला बराच वेळ थांबावं लागलं. आतून कुणीतरी ओरडलं, “ए, त्या लांबड्याची पोरगी आली, सोड त्याला.” दार अर्धवट उघडं होतं. मला दिसलं. काका खिडकीजवळ उभा होता, त्याची दोन्ही मनगटं धडप्याच्या पट्टीनं एकत्र बांधलेली होती आणि पट्टीचं टोक गजाला. एका तरुण कामगारानं गाठ सोडली, काकाला पाठीवर हात देऊन बाहेर ढकललं आणि मला म्हणाला, “सारखा टाकीकडं पळतो. टँकर दिवसाआड येतो, सगळं पाणी सांडून ठेवतो. काय करायचं?” त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. आमच्या घरी पिंपावर दगड ठेवताना आप्पांच्या आवाजात जे होतं, तेच होतं. काका माझ्यासमोर बसला. मनगटं चोळत राहिला. मी नेलेली मावशीच्या घरची भाकरी त्यानं हावऱ्यासारखी खाल्ली. तो असा कधी खात नसे.

त्या रविवारी मी कार्ड घेऊन बसले आणि बराच वेळ टाक बुडवत राहिले. खरं लिहिलं असतं, तर आई दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसली असती. काका घरी गेला असता, आणि त्याच्यामागोमाग मी. अकरावीचं अर्धं वर्ष झालं होतं. मी वर्गात दुसरी आले होते. बाईंनी माझी वही सगळ्यांना दाखवली होती. मावशीच्या घरात मला माझा असा एक कोनाडा होता, त्यात माझी पुस्तकं. परीक्षा मार्चमध्ये. एवढे चार महिने, मी मनाशी म्हटलं. मग सगळं सांगू. आणि मी लिहिलं, ‘काका बरा आहे. काळजी करू नये.’

पुढच्या रविवारी तेच लिहिलं, आणि त्याच्या पुढच्याही. काका वाळत चालला. डोक्याचे केस भादरले होते आणि त्यावर फोड होते. हूं-हूं बंद झालं, आणि मग तो एक शब्दही. जानेवारीत मी एका रविवारी गेलेच नाही. घटक परीक्षा होती, हे कारण खरं होतं. पण न जाऊनही मी कार्ड टाकलं, तेही तसंच. सोळाव्या वर्षी माणसाला समजत नसतं, असं लोक मला सांगतात. मला समजत होतं. भाकरी देताना मी त्याच्या तोंडाकडे बघायचे, हातांकडे नाही. समजत नसतं तर असं करावं लागलं नसतं.

आई आली ती रविवारी नाही, मधल्याच एका वारी. शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला की फाटकाशी कुणी बाई आली आहे. आई एकटीच उभी होती. पायांत आप्पांच्या जुन्या वहाणा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, खडीनं फुटलेली बोटं. हातात भाकरीचं फडकं. “चल,” म्हणाली, “भावजींकडं जायचं.” मी म्हणाले, आज भेटू देत नाहीत, फक्त रविवारी. ती म्हणाली, “चल तर.”

फाटकावर अडवलं. व्यवस्थापक बाहेर आले आणि नियम सांगू लागले. आईनं शांतपणे ऐकून घेतलं, पदर सावरला आणि फाटकाला लागूनच मातीत मांडी घातली. “बसते मी, साहेब. तुमचा येळ हुईल तवा सोडा. मला घाई न्हाई.” ती खरंच तशी बसली, बाजारात भाजी घेऊन बसावं तशी. अर्धा तास गेला असेल. मग त्यांनीच कंटाळून दार उघडायला सांगितलं.

मागच्या खोलीत काका जमिनीवर होता. हात बांधलेले, धोतर ओलं, आणि ते ओलं बरंच आधीचं असावं, कारण वास खोलीभर होता. बाकी पाच-सहा माणसं भिंतींना टेकून बसली होती. एक जण डुलत होता. आई दारात थांबली. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. ती पुढे झाली, त्याच्यासमोर बसली आणि दातांनी ती गाठ सोडवली. बोटं फुटलेली असल्यानं तिला हातानं सुटत नव्हती.

“भावजी, उठा,” ती म्हणाली. “अंघुळ करायची ना? उठा, मी हाय.”

काका तिच्याकडे बघत नव्हता. पण उठला. तिनं त्या तरुण कामगाराकडे एक बादली पाणी मागितलं. त्यानं व्यवस्थापकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मागच्या अंगणात एका दगडावर बसवून आईनं काकाला आंघोळ घातली, अर्ध्या बादलीत. फोडांना धक्का न लावता डोकं पुसलं, आपल्या लुगड्याच्या पदरानं. मग उरलेलं अर्धं पाणी तिनं आत नेलं आणि डुलत होता त्या माणसाचे हातपाय धुतले. तो कोण होता तिला माहीत नव्हतं.

व्यवस्थापक अंगणात येऊन उभे होते. ते म्हणाले, “बाई, चाळीस माणसं आहेत आणि कामाला दोघं. पाण्याची ही तऱ्हा. तुम्हीच सांगा, आम्ही काय करायचं?”

“तुमाला दोष न्हाई देत, साहेब,” आई म्हणाली. “आमी सोपवून गेलो आन परत बघितलं न्हाई. आता न्यायला आले.”

एस.टी. स्टँडवर, माळीवाड्याला, आम्ही तिघं एका बाकावर बसलो. आईनं फडकं सोडलं. पांढरी भाकरी होती. ती तिनं काकाच्या हातात दिली आणि चटणी वेगळी, कागदावर. तो खाऊ लागला. तेव्हा ती माझ्याकडे न वळता म्हणाली, “तुला ठावं हुतं.”

मी म्हणाले, “हो.”

“कवापस्नं?”

“दिवाळीपासून.”

तिनं मान हलवली. चटणीचा कागद काकाकडे सरकवला आणि म्हणाली, “म्हनूनच आले. आधीच्या कार्डात कसं, काकानं असं केलं, काकानं तसं केलं. मग समद्या कार्डात एकच वाक्य. वाचता येत न्हाई मला, पर ऐकू येतंय.” कर्जतची गाडी लागली. ती उठली, काकाचा हात धरला. पायरीवर पाय ठेवताना थांबली. “परीक्षा कवा हाय?”

“मार्चमध्ये.”

“नीट दे.”

तिनं मला घरी नेलं नाही. रागावली असती, शाळा सोडायला लावली असती, तर मला सोसलं असतं. मी परीक्षा दिली आणि चांगल्या मार्कांनी पास झाले. तेव्हापासून कुणी माझं कौतुक केलं की मला त्या बाकावरचा तिचा आवाज ऐकू येतो.

काकाला ती रस्त्याच्या कामावर घेऊन गेली. मुकादमानं दोन दिवस कटकट केली. मग कामावरच्या बायकांनीच त्याला सांगितलं की आम्ही आळीपाळीनं बघू, तुमचं काय जातंय. त्यांनी काकाला एका कडुलिंबाखाली बसवलं आणि पाण्याचा डेरा त्याच्या हवाली केला. कुणाला पाणी लागलं की काकानं वाटीनं द्यायचं. तो देऊ लागला. दिलेलं पाणी ज्यानं सांडलं त्याला तो दुसऱ्यांदा देत नसे, असं त्या बायका हसत सांगायच्या. त्या बायकांत कुणी शिकलेली नव्हती. पण आपापली पाटी उचलता उचलता प्रत्येकीचा एक डोळा त्या झाडाखाली असायचा. आईनं पहिल्यांदा म्हटलं होतं ते हेच, आणि आम्ही ते होणार नाही असं ठरवून टाकलं होतं.

परीक्षा संपवून मी घरी आले, ती दुपार होती. काका ओसरीवर बसला होता. अंगावर मांस धरू लागलं होतं. मला बघितल्याबरोबर तो उभा राहिला आणि दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवून त्यानं माझ्यासमोर धरली. मला काही कळेना. मी जवळ गेले, तर त्यानं हात आणखी पुढे केले. आई चुलीपासून उठून दाराशी आली. तिला माझ्याआधी कळलं. आश्रमात मी आले की त्याचे हात सोडत. त्याच्या लेखी मी म्हणजे हात सोडण्याची वेळ होती.

“सोड की त्यांचं हात,” आई म्हणाली.

“बांधलेले नाहीत ना, आई.”

“तरी सोड.”

मी नसलेली गाठ सोडवली. बोटं हलवली, पट्टी काढल्यासारखं केलं. काकानं हात खाली घेतले आणि बसला. त्यानंतर मी अध्यापनाच्या कोर्सला गेले. जेव्हा जेव्हा घरी यायची तेव्हा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याआधी मला हे करावं लागायचं. दुसऱ्या कुणापुढे तो हात धरत नसे.

त्याचं हूं-हूं परत आलं, थोडं, तुटक. शब्द परत आला नाही. आश्रमातला खोकलाही त्याच्याबरोबर घरी आला होता. मिरजगावच्या डॉक्टरांची औषधं झाली, मग नगरच्या सरकारी दवाखान्याची. दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर काका गेला, एका सकाळी, आईनं नुकतीच भाकरी वाढली होती तेव्हा. मी पोचेपर्यंत त्याला नेलं होतं.

तेरावा झाल्यावर मी आणि आप्पा गोठ्याबाहेर बसलो होतो. नवी जोडी घेतली होती, ती समोर रवंथ करत होती. मला राहवेना. मी आप्पांना सगळं सांगितलं. दिवाळीपासून मला माहीत होतं, शाळेसाठी मी खोटं लिहिलं, एका रविवारी तर न जाताच लिहिलं. आईनं तुम्हाला सांगितलं असेल, पण मला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. आप्पा ऐकत राहिले. तंबाखूची चिमूट त्यांच्या तळहातावर तशीच होती.

“तिनं काय सांगितलं न्हाई,” ते म्हणाले. मग चिमूट अंगठ्यानं चोळत म्हणाले, “मी बी गेल्तो.”

“कुठं?”

“आश्रमात. दिवाळीनंतर गुरांच्या छावनीच्या कामानं नगरला गेल्तो, तवा. फाटकापातुर गेलो. आतनं त्याचा आवाज आला. वरडत हुता. भावाचा आवाज वळखतो मानूस.” त्यांनी तंबाखू खाली सांडली, हात झटकला. “उभा ऱ्हायलो जरा. आन माघारी फिरलो. तुझी शाळा हुती, खडीचं काम हुतं. घरी आलो तर तुझं कार्ड आल्यालं. काका बरा आहे. तुझ्या आईला वाचून दावलं.”

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

“एकदा वाचलं,” आप्पा म्हणाले, “तर म्हनली, परत वाचा.”